औषध नव्हे, विष म्हणा



चातुर्मास जवळ आला की आपल्या घरांमध्ये दोन कामं एकदमच निघतात. एकीकडे पाणी गाळायचं जुनं कापड बदललं जातं, कोणी हिरव्या भाज्यांचा त्याग करतं, कोणी एकासन धरतं. आणि दुसरीकडे पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो. "पावसाळ्यात झुरळं फार होतात, व्रत-उपवास सुरू व्हायच्या आत औषध मारून घेऊ." वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, कुठेही जा, हे वाक्य ऐकायला मिळतंच. आजचा लेख या एका वाक्यावर आहे. काहींना तो कडू लागेल. लागू दे.

पहिला आक्षेप माझा शब्दावर आहे. "औषध मारलं" म्हणजे काय? औषध रोग बरा करतं. हे जे डब्यातून फुसफुसतं ते कोणाला बरं करतं? आपल्या वऱ्हाडात तर या शब्दाचा अर्थ फार वर्षांपासून फिरलेला आहे. शेतात औषध मारलं, घरात औषध मारलं, आणि "अमक्याच्या मुलाने औषध घेतलं" असं कोणी हळू आवाजात सांगितलं की काय झालं ते घरातल्या लहान पोरालाही कळतं. म्हणजे आपल्याला सगळं ठाऊक आहे. तरी आपण त्याला औषध म्हणतो, कारण विष म्हटलं तर हात थांबतो.

आता हे विष काय असतं ते नीट पाहू. त्यात एक मोठं कुळ आहे, कार्बामेट नावाचं. कार्बारिल, प्रोपॉक्सर, कार्बोफ्युरान, मिथोमिल, आल्डिकार्ब ही सगळी त्या कुळातली भावंडं. घरात झुरळांसाठी बेगॉन या नावाने जे पूर्वी घरोघर पोचलं, त्यातलं प्रोपॉक्सर याच कुळातलं. शेतात फ्युराडान म्हणून जे दाणे टाकतात तेही याच कुळातलं.

या कुळाचा इतिहास एका शेंगेतल्या बीपासून सुरू होतो. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियात, कॅलाबार नावाचं गाव आहे. तिथल्या एफिक लोकांमध्ये एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आला की एका वेलीच्या बिया कुटून त्याचं पाणी त्याला पाजत. ओकून वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. या बीतलं विषारी द्रव्य १८६४ साली युरोपात वेगळं काढलं गेलं आणि त्याचं नाव पडलं फायसोस्टिग्मिन. ते कार्बामेट आहे हे १९२५ साली कळलं. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीतल्या संशोधकांनी याच धर्तीवर कीटक मारणारी रसायनं बनवली. डीडीटी ज्या कंपनीतून आलं तीच ही कंपनी. माणसाचा न्याय करायला जे विष पाजत होते, त्याच्या नात्यातलं विष आपण आज ओट्याखाली मारतो.

ते काम कसं करतं? आपल्या मज्जातंतूंकडून स्नायूला निरोप जातो, आणि निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक द्रव्य शरीरात असतं. त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात. कार्बामेट या पुसणाऱ्यालाच अडकवून ठेवतं. निरोप पुसला जात नाही, मज्जातंतू ओरडतच राहतात. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, छातीत पाणी साचतं, आणि शेवटी श्वास थांबतो. झुरळ उताणं पडून पाय झाडतं ते म्हणजे हेच. आणि ऐका, हे पुसणारं द्रव्य झुरळातही आहे, चिमणीतही आहे, रांगणाऱ्या बाळातही आहे. फरक फक्त किती विष गेलं याचा. "हे फक्त किड्यांना मारतं" असं जो सांगतो तो तुम्हाला अर्धंच सांगतो.

कंपन्यांनी या कुळाची जाहिरात केली ती "सौम्य" म्हणून. डीडीटी वर्षानुवर्षं मातीत आणि चरबीत राहतं हे लोकांना कळलं होतं. कार्बामेट लवकर विरतं, शरीरातली त्याची पकडही काही तासांत सुटते. ही गोष्ट खरी आहे. पण पकड सुटेपर्यंत माणूस जगला पाहिजे ना?

या सौम्यपणाची मोजदाद पाहा. अमेरिकेच्या युनियन कार्बाइड कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस कार्बारिल बाजारात आणलं, सेव्हिन या नावाने. बागेत, शेतात, कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर, सगळीकडे चालणारं सुरक्षित औषध म्हणून ते खपलं. मधमाश्यांना ते फार घातक. मध वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांमध्ये हे कधी कोणी सांगितलं? याच कंपनीची भारतातली शाखा आपल्या आजीच्या टॉर्चमधले एव्हररेडीचे सेल बनवायची. तिनेच भोपाळमध्ये सेव्हिनचा कारखाना घातला. सेव्हिन बनवायला लागणारा मिथिल आयसोसायनेट, म्हणजे मिक, तिथे १९८० पासून तयार करून टाक्यांमध्ये साठवू लागले. मिक न साठवताही कार्बारिल बनवण्याची पद्धत होती, तरी साठवू लागले. सेव्हिनचा खप अपेक्षेएवढा नव्हता, म्हणून खर्चाला कात्री लागली, टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडून होती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन वायू झोपलेल्या वस्तीवर पसरला. तातडीच्या मृत्यूंचा सरकारी आकडा २,२५९. पुढे मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू मान्य केले. २००६ च्या सरकारी प्रतिज्ञापत्रात बाधितांचा आकडा आहे ५,५८,१२५.

भोपाळ आपण दरवर्षी डिसेंबरात हळहळून आठवतो. पण ते सगळं कशासाठी साठवलं होतं हे किती जणींना माहीत आहे? किडे मारायच्या एका भुकटीसाठी. आणि ती भुकटी भारतात बंद कधी झाली? ऑगस्ट २०१८ मध्ये. भोपाळनंतर ३३ वर्षं ती कायदेशीर विकली जात होती.

बाकीच्या भावंडांची गतही तशीच. आल्डिकार्ब हेही युनियन कार्बाइडचंच. १९८५ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात टरबुजं खाऊन हजाराहून जास्त लोक आजारी पडल्याची नोंद झाली. टरबुजावर ते वापरायची परवानगीही नव्हती, तरी ते टरबुजात उतरलं होतं. भारतात त्यावर २००१ साली बंदी आली. मिथोमिल २०२३ साली बंद झालं. कार्बोफ्युरानची त्याच वर्षी बाकी सगळी रूपं बंद झाली, फक्त ३ टक्क्यांचे दाणे राहिले. आणि या दाण्यांची गोष्ट तर आपण जीवदयावाल्यांनी पाठच करावी. ते दिसतात बियांसारखे. पक्षी ते दाणे समजून टिपतात, आणि लहान पक्षी मारायला एक दाणा पुरतो. अमेरिकेत एके काळी या दाण्यांनी वर्षाला दहा ते वीस लाख पक्षी मरतात असा अंदाज तिथल्या सरकारी यंत्रणेने काढला होता. आपण गच्चीवर ज्वारी टाकतो, परळात पाणी ठेवतो, आणि आपल्याच शेतात सालदार कोणते दाणे पेरतो ते विचारत नाही.

राहिलं घरातलं प्रोपॉक्सर. जर्मनीच्या बायर कंपनीने ते १९५९ साली आणलं. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या गळ्यात त्याचे पट्टे बांधत. मुलं त्या जनावरांना कुरवाळतात आणि तेच हात तोंडात घालतात, त्यातून मुलांना धोका आहे म्हणून २०१४ साली ते पट्टे बंद करायचं ठरलं. आपल्या घरात मात्र ज्या फरशीवर फवारा मारला, त्याच फरशीवर संध्याकाळी बाळ रांगतं.

कोणी म्हणेल, ताई, आता डब्यांवर दुसरीच नावं असतात, पायरेथ्रॉइड गटातली. बरोबर आहे. पुष्कळ डब्यांवर असतात. पण मला सांगा, कार्बारिलही त्याच्या काळात सुरक्षितच होतं ना? प्रत्येक विष बाजारात येताना सुरक्षित असतं. त्याचे दोष कळायला वीस-तीस वर्षं आणि बरीच माणसं जावी लागतात. तेव्हा "हे नवीन आहे, काही होत नाही" या वाक्यावर मी तरी माझ्या घरातलं बाळ ठेवणार नाही.

आता आपल्या धर्माकडे येऊ, कारण खरं भांडण तिथे आहे.

ही चर्चा निघाली की लगेच उत्तर येतं, "गृहस्थाला आरंभी हिंसा लागतेच." बरं, पाठशाळेत शिकलेलं जरा आठवा. हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. स्वयंपाक करताना, झाडताना, दळताना काळजी घेऊनही जे जीव जातात ती आरंभी. तिथे मारणं हा हेतू नसतो. फवाऱ्यात हेतू दुसरा कोणता आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी आपण मेलेली झुरळं मोजतो आणि "काम छान झालं" म्हणतो. मारायचं ठरवून, पैसे देऊन, वेळ ठरवून केलेली हिंसा जर संकल्पी नाही तर संकल्पी म्हणायचं तरी कशाला? मुंगी, ढेकूण त्रींद्रिय. माशी, डास चतुरिंद्रिय. हे त्रस जीव आहेत, आणि त्रस जीवांची संकल्पी हिंसा सोडणं हे श्रावकाच्या अणुव्रताचं पहिलं पाऊल आहे.

दुसरं उत्तर येतं, "आम्ही कुठे मारतो? माणूस येऊन करून जातो." यावर तर मला हसावं की रडावं कळत नाही. कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द आपल्या मुलींनाही पाठ आहेत. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, आणि कोणी केलं त्याला बरं म्हटलं, तिन्हींचा बंध आहे. पेस्ट कंट्रोलचा वार्षिक करार म्हणजे कारित, तेही पावतीसह. आणि "वहिनी, तुम्हीपण घ्या न करून, एक झुरळ राहत नाही" हे शेजारणीला सांगणं म्हणजे अनुमोदना. शिवाय जो मुलगा पाठीवर पंप घेऊन येतो, हातमोजे नाहीत, तोंडाला साधा रुमाल, दिवसाला पाच-सहा घरं करतो, त्याच्या छातीत काय जातं याचा हिशेब कोणाच्या खात्यावर लिहायचा?

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की काही ठिकाणी त्यागींचं आगमन ठरलं की धर्मशाळेतही आधी फवारणी करून घेतात. जे महाराज पिंछीने जागा पुसून मग बसतात, त्यांच्यासाठी आपण ती जागा विषाने साफ करून देतो! कमिटीतल्या काकांना हे विचारायची हिंमत आपण बायकांनीच करायला हवी, कारण त्या धर्मशाळेचं स्वयंपाकघर शेवटी आपणच सांभाळतो.

आणि आता दुकानाचं बोलते. आपल्या समाजात कृषी सेवा केंद्रं आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. श्रावकाला वर्ज्य अशी पंधरा कर्मादानं सांगितली आहेत, हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात ती यादी आहे, आणि तिच्यात विषवाणिज्य स्पष्ट नावाने आहे. विष विकून पोट भरू नये. ज्याने हे सांगितलं त्याने कार्बामेट पाहिलं नव्हतं, तरी नियम नेमका बसतो. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तिथली विषं बरीचशी कार्बामेटची चुलत भावंडं आणि इतर गटांची मिश्रणं होती. त्या वेळी काही कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी आली, त्यात आपला वाशीमही होता. मरणारा कोणी आपल्या घरातला नव्हता. पण बाटली कोणत्या दुकानातून गेली?

मी कोणाला उद्या शटर पाडायला सांगत नाही. घर त्यावर चालतं हे मला कळतं. पण बियाणं, खत, ठिबक, अवजारं विकून दुकान चालतं की नाही, याचा हिशेब नवऱ्यासोबत एकदा तरी मांडून बघा. निदान लाल त्रिकोणाची बाटली तरी काउंटरवरून खाली उतरवा. डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवासुद्धा विषाचाच रंग आहे, तुळशीचा नव्हे.

"मग झुरळं पोसायची का?" नाही. ती येऊच नयेत असं घर ठेवायचं. याला आपल्याकडे यत्नाचार म्हणतात आणि त्याचे नियम आपण जन्मापासून ऐकतो.

सूर्यास्तापूर्वी जेवण झालं की भांडी तेव्हाच घासा, खरकटं रात्रभर मोरीत ठेवू नका. रात्रिभोजनाचा त्याग करायचा आणि खरकटी कढई सकाळपर्यंत ठेवायची, म्हणजे आपण जेवलो नाही, झुरळांना जेवू घातलं. ओटा आणि मोरी झोपण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा, झुरळाला अन्नाआधी पाणी लागतं. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, ओट्यामागच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा. रद्दी, खोके, "लागेल कधीतरी" म्हणून जपलेल्या पिशव्या काढून टाका. अपरिग्रह नुसता प्रवचनात ऐकायचा नसतो, माळ्यावरही पाळायचा असतो.

धान्याचंही तसंच. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. ती पाळणाऱ्या घरात पिठाला अळी धरायला वेळच मिळत नाही. वर्षाचं धान्य एकदम भरायचं तर आधी चाळा, निवडा, निघालेले जीव सावलीत सोडा, मग ऊन दाखवून पूर्ण गार झाल्यावर कोरड्या कोठीत भरा. डाळीला एरंडेलाचा हात फिरवा, कोठीत कडूनिंबाचा वाळलेला पाला घाला. जेवढं सांभाळता येतं तेवढंच भरा. डासांसाठी कूलरचं, कुंड्यांखालचं पाणी दर आठवड्याला ओता, मुलांना मच्छरदाणीत झोपवा. वस्तीत डेंग्यूची साथच आली, माणसाच्या जिवावर बेतलं, तर तो विचार वेगळा, तिथे डॉक्टर आणि नगरपरिषद सांगेल ते करावं लागेल. पण ओट्याखालच्या चार झुरळांना साथीची उपमा देऊ नका.

ज्यांच्या घरात शेतासाठी विष ठेवावंच लागतं त्यांच्यासाठी एवढं: ते मूळ डब्यात, कुलपात, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. रिकामा डबा धुऊन तेलाला, पाण्याला वापरू नका. २०१३ साली बिहारमध्ये शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली, ती स्वयंपाकात कीटकनाशक मिसळल्यामुळेच. कोणाच्या पोटात गेलं किंवा फवारताना चक्कर, लाळ, उलटी, धूसर दिसणं सुरू झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. कार्बामेट आणि ऑरगॅनोफॉस्फेट यांच्या उपचारात फरक असतो, तो डॉक्टरला डब्यावरच्या नावावरून कळतो.

या चातुर्मासात हिरवी भाजी सोडा, गोड सोडा, तुमची भावना. पण माझी विनंती आहे, आधी करार सोडा. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करून सांगा, यंदा येऊ नका. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत धर्मशाळेच्या फवारणीचा विषय काढा. आणि घरात कोणी "औषध मारू का?" विचारलं तर त्याच्याकडून एकदा तरी पूर्ण वाक्य म्हणवून घ्या: "विष मारू का?" बघा किती जण पुढे डबा उचलतात.

जय जिनेंद्र.